दोन पाटील, एक एनिमा आणि फोन बंद करून घरी गेलेली ज्युनिअर सिस्टर. आता काय करू?

वॉर्ड_इनचार्ज_बेळगाव

नमस्कार सगळ्यांना. बेळगावात एका खाजगी दवाखान्यात पुरुषांचा सर्जिकल वॉर्ड बघते, दवाखान्याचं नाव विचारू नका, सांगणार नाही. सकाळपासून डोकं फिरलंय आणि इथं बरेच सिस्टर-डॉक्टर लोक असतात म्हणून लिहायलेय, जरा लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

झालंय असं की आमच्याकडं सध्या दोन पाटील शेजारीशेजारी आहेत. आता बेळगावच्या वॉर्डात दोन पाटील असण्यात नवल काय म्हणा, कधीकधी चार असतात आणि त्यातले दोन एकाच गावचे. पण आमच्या रिसेप्शनवर नाव घालताना आद्याक्षरं आणि आडनाव एवढंच घालतात, त्यामुळं अकरा नंबरला पी. बी. पाटील आणि बारा नंबरला पी. डी. पाटील. अकरा नंबरवाले बेळगाव तालुक्यातलेच, मूळव्याधीचं ऑपरेशन, सकाळी नऊच्या ऑपरेशनच्या लिस्टला पहिले, रात्री बारापासून खाणंपिणं बंद. बारा नंबरवाले मामा चंदगडकडचे (तिकडच्या लोकांना कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ पडतं), सत्तरीचे, शुगरवाले, पायाच्या अंगठ्याला जखम, रोज ड्रेसिंग. त्यांचा मूळव्याधीशी काही संबंध नाही.

नाईटला एक सिनिअर आणि एक ज्युनिअर. सिनिअर त्या दिवशी डबल ड्यूटीवर होती, तिनं रात्री घाईत तोंडी सांगितलं, पी बी पाटलांना पहाटे एनिमा (ऑपरेशनआधी पोट साफ व्हायला गुदद्वारातून पाणी सोडतात तो). पोरीनं ऐकलं पी डी. पहाटे पडदा ओढून तिनं विचारलं, "पाटील ना?" मामा म्हणाले "हो." खोटं काय बोलले ते? डाव्या कुशीवर व्हा म्हटलं, झाले. पाय पोटाशी घ्या म्हटलं, घेतले, बँडेजचा पाय तसाच कसाबसा. साबणाच्या पाण्याचा पूर्ण एनिमा घेतला माणसानं, हूं की चूं नाही. सगळं झाल्यावर, तिनं कॅथेटर काढल्यावर, हळूच विचारलं म्हणे, "सिस्टर, ह्यानं अंगठा लवकर भरतो काय?"

तिथं तिच्या पायाखालची जमीन सरकली. पण आता उपयोग काय, संडास वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला, मामांना वॉकर लागतो, आणि तेवढ्यात सोबतीला राहिलेले सगळे नातेवाईक उठून चहाच्या थर्मासची झाकणं उघडत बसलेले. अर्ध्या वाटेत जे व्हायचं ते झालं. पुढचं लिहीत नाही. आयानं येऊन पुसलं, मामांना नवी लुंगी दिली, पण वॉर्डभर बातमी गेली.

मग साडेआठला ओटीचा (ऑपरेशन थिएटरचा) ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, अकरा नंबरला न्यायला आला, एनिमा झाला का, तर पेशंट म्हणतो मला कुणी दिलाच नाही. लिस्ट कोलमडली, सर्जनसाहेब कॉरिडॉरमध्ये सगळ्यांच्या देखत त्या पोरीवर असे ओरडले की खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल. ती रडत रडत हँडओव्हर लिहून खानापूरच्या बसला बसली आणि गावाकडं गेली. फोन बंद. आज रात्री आठला परत तिची ड्यूटी आहे. इकडं स्टाफमध्ये तिचं नाव "एनिमा बाई" पडलंय सुद्धा, दुपारच्या आत.

आता वरून मला निरोप आलाय की तिला शो कॉज (कारणे दाखवा नोटीस) काढा, ड्राफ्ट तुम्हीच द्या. मामांचा मुलगा म्हणतोय लेखी तक्रार करणार. मामा स्वतः काहीच बोलेनात, भिंतीकडं तोंड करून पडलेत. मी जाऊन दोन शब्द बोलायचा प्रयत्न केला, त्यांनी डोक्यावरून चादर ओढून घेतली.

माझा प्रश्न असा की शो कॉजमध्ये लिहू काय, पोरीला परत आणू कशी, आणि तिला मामांच्या समोर उभी करावी की दुसऱ्या वॉर्डात टाकावी? पोरगी कामाला चांगली आहे हो. सलाईन लावायला तिच्यासारखा हात आमच्याकडं दुसऱ्या कुणाचा नाही.

टिळकवाडी_कट्टा

सॉरी सॉरी पण "ह्यानं अंगठा लवकर भरतो काय" वाचून चहा नाकातून आला 😂 मामांना सलाम. आमच्या आजोबांच्या पिढीतली माणसं अशीच, डॉक्टरनं सांगितलं म्हणजे करायचं, वर्मी घाव घातला तरी विचारणार नाहीत की बाबा कशाला.

निपाणीचा_फिजिशियन

हसण्याआधी जरा थांबा. मॅडम, पत्र काय लिहायचं ते नंतर बघू, आधी बारा नंबरकडं जा. आत्ता. मोबाईल ठेवून.

मामा शुगरचे आहेत म्हणता. सकाळचं इन्सुलिन कुणी आणि किती वाजता दिलं? आणि त्यानंतर ते जेवले का? लाजेनं भिंतीकडं तोंड करून पडलेला माणूस ताटाला हात लावत नाही, आणि ताट परत गेलं हे नर्सला कळत नाही कारण ताट उचलते वॉर्डची बाई. आपल्याकडं बहुतेकांना सकाळ-संध्याकाळ मिक्स इन्सुलिन असतं, सकाळच्या डोसचा लांब चालणारा भाग दुपारी जोरात असतो. पोटात काही नसेल तर तीन-चार वाजता शुगर खाली येणार. ग्लुकोमीटरनं बघा, ७० च्या खाली असेल तर लगेच साखरपाणी द्या आणि पंधरा मिनिटांनी परत बघा.

दुसरं, एनिमा साबणपाण्याचाच होता ना, नक्की? तयार बाटलीतला फॉस्फेटवाला असता तर मी जास्त घाबरलो असतो. म्हातारा माणूस, बरीच वर्षं शुगर, किडनी थोडी तरी कमजोर असतेच, अशात फॉस्फेट रक्तात चढतं आणि कॅल्शियम खाली येतं. अमेरिकेच्या औषध खात्यानं (एफडीए) २०१४ मध्ये यावर इशाराच दिला होता. साबणपाणी असलं तरी बीपी बघा, बीपीच्या गोळ्या चालू असतील तर चक्कर येऊन पडायचे. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) शेवटचं कधीचं आहे ते फाईलमध्ये बघा. आणि ड्यूटी डॉक्टरला सांगून केस शीटवर लिहून घ्या की एनिमा चुकून दिला, किती वाजता, कसला, किती. "बॉवेल्स मूव्ह्ड" (पोट साफ झालं) एवढंच लिहून सोडलेलं मी पाहिलंय, तसलं करू नका.

अजून एक. बँडेज भिजलं असेल तर ड्रेसिंग परत करायला सांगा. वाटेत जे झालं ते त्याच पायावरून गेलं असणार.

वॉर्ड_इनचार्ज_बेळगाव

डॉक्टर तुमचे पाय धरते. जाऊन बघितलं तर कपाळावर घाम, हात गार, शुगर ६४. सकाळचे पोहे अर्धे खाल्लेले, दुपारचं ताट तसंच परत. मला सांगायलेत "काही नाही सिस्टर, मनाला लागलंय म्हणून असं होतंय." ग्लुकोज पावडर घालून पाणी दिलं, पंधरा मिनिटांनी ९८ आली, मग भात आणि आमटी समोर बसून खायला लावली. साबणपाणीच होतं, एक लिटरला थोडं कमी. क्रिएटिनिन ॲडमिशनचं १.७. बीपी ठीक. ड्यूटी डॉक्टरनी नोट लिहिली. ड्रेसिंग खरंच ओलं होतं, परत केलं.

हिंडलगा_रोड

सगळे पोरीची बाजू घ्यायलेत म्हणून मी उलटं लिहितो. एनिमा होता म्हणून आपण हसायलोय. उद्या त्याच पी बी-पी डी मध्ये रक्ताची पिशवी बदलली तर? ए ग्रुपच्या माणसाला बी ग्रुपचं रक्त गेलं तर माणूस जाऊ शकतो, तिथं नवी लुंगी देऊन भागत नाही. नाव नीट विचारणं हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. शो कॉज काढायलाच पाहिजे, एक इन्क्रिमेंट कापा, जन्मभर लक्षात राहील. आपल्या लोकांत हेच वाईट, गावची पोरगी, गरीब घरची, असू दे, मरू दे, झालं.

निवृत्त_मेट्रन

हिंडलगा रोड यांना नमस्कार. रक्ताचं बोललात ते शंभर टक्के बरोबर, आणि म्हणूनच तुमचा उपाय चुकीचा आहे. इन्क्रिमेंट कापलेली पोरगी जन्मभर लक्षात ठेवते ते एवढंच की पुढची चूक सांगायची नाही. आज तिनं स्वतः तोंडानं सांगितलं म्हणून कळलं. तिनं गप्प बसून अकरा नंबरला दुसरा एनिमा दिला असता तर लिस्ट वेळेवर लागली असती, सर्जन खूश, आणि मामांनी तर आयुष्यात कुणाला विचारलं नसतं. हे होत नाही असं समजू नका. मी सरकारी आणि खाजगी दोन्हीकडं काढलीत वर्षं.

आता इनचार्ज बाई, तुम्हाला चार शब्द, राग मानू नका. पी. बी. आणि पी. डी. शेजारी शेजारी ठेवले कुणी? इंग्रजीत बी, डी, पी, टी, जी, व्ही सगळी कानाला सारखीच लागतात, त्यात मास्क, त्यात डबल ड्यूटीवाली सिनिअर, त्यात पहाट. आणि तोंडी ऑर्डर का? ऑर्डर कागदावर होती ना, मग पोरगी कागद घेऊन का नाही गेली? कारण केस शीटा सगळ्या टेबलावर एकावर एक आणि राउंडच्या आधी लिहून ठेवायच्या घाईत सिनिअर त्यावर वाकून बसलेली असणार. मी नव्हते तिथं, पण मला दिसतंय सगळं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्ये पेशंट सुरक्षेच्या नऊ गोष्टी काढल्या, त्यात पहिली सारख्या वाटणाऱ्या औषधांच्या नावांची, दुसरी पेशंट ओळखायची. त्यात स्पष्ट आहे की कमीत कमी दोन खुणा पाहिजेत आणि खोली नंबर त्यात धरायचा नाही, म्हणजे बेड नंबरही नाहीच. आपल्याकडं काय चालतं? "ए अकरा नंबर, चला." "बारा नंबरचं ड्रेसिंग झालं का?" माणूस बेड बदलतो, नंबर तिथंच राहतो.

आणि विचारायची पद्धत. "पाटील ना?" हा प्रश्नच नव्हे. आपल्या भागातला म्हातारा माणूस पांढऱ्या कपड्यातल्या बाईला नाही म्हणत नसतो. कमी ऐकू येत असेल तर आधी हो म्हणतो. कन्नडमधून विचारलं तरी हो म्हणतो, मल्याळी सिस्टरनं हिंदीत विचारलं तरी हो. "तुमचं पूर्ण नाव सांगा, गाव सांगा" असं विचारायचं, म्हणजे त्याला बोलावं लागतं. मनगटावरच्या पट्टीवरचा नंबर फाईलशी ताडायचा. पट्टी आहे का तुमच्याकडं? असली तर शाई पुसलेली असेल.

शो कॉज काढू नका. इंसिडंट रिपोर्ट लिहा. त्यात वेळ, कुणी काय सांगितलं, कुणी काय ऐकलं, स्टाफ किती होता, पेशंट किती होते. नर्सिंग कौन्सिलचा नियम साध्या दवाखान्याच्या वॉर्डात ५ पेशंटला १ नर्स असा आहे. तुमच्या वॉर्डात रात्री किती होते ते आकड्यात लिहा आणि बघा मॅनेजमेंट शो कॉजचा विषय कसा बंद करतंय.

सर्जनचं नाव नका लिहू पण "कॉरिडॉरमध्ये इतरांसमोर" एवढं नक्की लिहा. तीस वर्षं ऐकून घेतलंय यांचं.

अनगोळकर

मी पेशंटच्या बाजूनं लिहितो. आमच्या वडिलांना एका दवाखान्यात (नाव नको) हातावरच्या गाठीसाठी ॲडमिट केलं होतं, सकाळी वॉर्डबॉय आला आणि पोटापासून खाली सगळं शेव्हिंग करून गेला, हर्नियावाला दुसराच होता. वडील शिक्षक होते, गावात मान, त्यांना ते इतकं लागलं की महिनाभर कुणाशी नीट बोलले नाहीत.

पण राग कशाचा आला सांगू का, शेव्हिंगचा नाही. मी विचारायला गेलो तर काउंटरवर सांगितलं "तो आमचा रूटीन प्रोटोकॉल आहे सर, इन्फेक्शन होऊ नये म्हणून." तोंडावर खोटं. हाताच्या गाठीला! मग मी पेटलो. तो वॉर्डबॉय जरी येऊन "काका चुकलं" म्हणाला असता तरी वडिलांनी त्याला चहा पाजला असता, तसे होते ते.

तर मॅडम, त्या मुलाला लेखी हवंय तर द्या लेखी. काय झालं, का झालं, वडिलांच्या तब्येतीला काय केलं, शुगर खाली गेली होती तेही सांगा. ते दुसरीकडून कळलं तर मग तक्रार पक्की. बिलात त्या दिवसाचं काही कमी करता आलं तर करा, पण आधी बोला, पैसे आधी काढलेत तर वाटतं तोंड बंद करायला आलेत.

खानापूरची_जीएनएम

मी पण त्याच तालुक्यातली नर्स, आता गोव्यात आहे. सगळ्यांनी पी बी पी डी वर लिहिलं, एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते.

बाविशीची पोरगी, पहाटेची वेळ, पुरुष वॉर्ड, एनिमा. पडद्याच्या आत ती आणि आजोबांच्या वयाचा माणूस. दोघांनाही एवढी लाज असते की कधी एकदा उरकतंय असं झालेलं असतं. त्या वेळेला "पूर्ण नाव सांगा, गाव सांगा, तुमचं ऑपरेशन कशाचं आहे" हे मोठ्यानं विचारायचं म्हणजे पडद्याबाहेरच्या सगळ्यांना ऐकू जाणार की आता ह्यांना काय करणार आहेत. म्हणून आवाज खाली, मान खाली, "पाटील ना?" आणि सुरू. मामांनी पण म्हणूनच विचारलं नाही. सलाईन लावायला आली असती तर त्यांनी नक्की विचारलं असतं, हे कसलं सलाईन म्हणून. इंजेक्शनला लोक दहा प्रश्न विचारतात, एनिमाला एक नाही.

म्हणजे जिथं विचारायची सगळ्यात जास्त गरज तिथंच तोंडं बंद. कॅथेटर घालताना, शेव्हिंगला, एनिमाला, सगळीकडं हेच. वर अनगोळकरांच्या वडिलांनी पण वॉर्डबॉयला थांबवलं नाही बघा.

आमच्या इथं नियम असा केलाय की असलं काही करायचं असेल तर नाव-गाव आधी, पडदा उघडा असताना, बाकीच्या गोष्टींच्या जोडीनं विचारून घ्यायचं, बीपी बघताना, थर्मामीटर लावताना. "काका नाव काय पूर्ण, कुठनं आलात, कशासाठी ॲडमिट झालात?" गप्पा मारल्यासारखं. मग पडदा. आत गेल्यावर बोलायचं काही उरत नाही. आणि पुरुष पेशंटला शक्यतो ब्रदर, किंवा निदान दोघं जायचं. तुमच्याकडं नाईटला ब्रदर नव्हता का? ओटीला न्यायला ब्रदर आहे आणि एनिमाला पोरगी, हे कुणी ठरवलं?

आणि ते "एनिमा बाई" आज बंद करा मॅडम. मला माहितीय ते नाव कसं चिकटतं. आमच्या बॅचच्या एकीला असंच एक नाव पडलं होतं, तिनं नर्सिंग सोडून बुटिक काढलं.

टिळकवाडी_कट्टा

बरं माझा वरचा विनोद मागे. पण मॅडम ते सर्जनसाहेब ओरडले ते कशाला? लिस्ट पुढं गेली म्हणून? अकरा नंबरवाला बिचारा रात्री बारापासून उपाशी, त्याचं पुढं काय झालं?

वॉर्ड_इनचार्ज_बेळगाव

अकरा नंबरचं ऑपरेशन दीडला झालं, तोवर सलाईन चालू होतं, माणूस भुकेनं चिडलेला पण ठीक. त्यांनीच उलट मामांची बाजू घेतली, समोरच्या बेडवरची दोन पोरं हसायलेली त्यांना झापलं की "तुमच्या बापाला झालं असतं तर हसला असता काय रे?" मग ती गप्प.

खानापूरची ताई, ब्रदरचं तुम्ही बरोबर पकडलं. नाईटला ब्रदर एकच आणि तो कॅज्युअल्टीत. हे मी किती वेळा वर सांगितलंय, आता रिपोर्टमध्ये घालते. मेट्रन मॅडम, पेशंट अठ्ठावीस आणि स्टाफ दोन, त्यातली एक डबल ड्यूटी. पट्टी आहे, पण तुम्ही म्हणालात तसंच, मामांच्या पट्टीवर फक्त "पाटील" वाचता येतंय, नंबरावर आयोडीनचा डाग.

पोरीच्या भावाचा नंबर मिळाला तिच्या रूममेटकडनं. फोन लावला तर ती शेतात जाऊन बसलीय म्हणाला. मी त्याला एवढंच सांगितलं की तिला सांग मामांची शुगर खाली गेली होती, आता ठीक आहे, आणि शो कॉज काढत नाही, रिपोर्ट काढायलोय, त्यात तिच्या तोंडचं पाहिजे.

निपाणीचा_फिजिशियन

शुगरचं तिला आज सांगायला नको होतं कदाचित, पोरगी अजून घाबरेल. पण लपवूनही उपयोग नाही, असो. क्रिएटिनिन १.७ आहे तर उद्या सकाळी परत करा, पोटॅशियमसकट. आणि आज संध्याकाळचं इन्सुलिन नेहमीच्या डोसनं आपलं आपण देऊ नका, तुमच्या फिजिशियनला फोन करून विचारा. रात्री दोन-तीनला एकदा शुगर बघा.

हिंडलगा_रोड

मेट्रन बाईंचं वाचलं. इन्क्रिमेंटचा मुद्दा सोडतो. पण पोरीला एकदा तरी बसवून सांगा की पुढच्या वेळी रक्त असेल. घाबरवायला नाही, पण सांगा.

निवृत्त_मेट्रन

सांगतील. आणि सिनिअरला पण सांगतील, तिलाच आधी. सगळं धुणं ज्युनिअरच्या अंगावर वाळत घालायची सवय आहे आपल्याकडं.

मामांसमोर उभी करायची का, हे राहिलं. करा, पण तुम्ही बरोबर जा आणि राउंडच्या वेळी नको, सगळे जेवून पडल्यावर. तिनं फक्त "मामा, माझ्याकडनं चूक झाली" म्हणावं. डॉक्टर ओरडले, मी दमले होते, सिनिअरनं नीट सांगितलं नाही, यातलं काही नाही. ते तुम्ही रिपोर्टमध्ये लिहा. आणि पाया पडू देऊ नका, वॉर्डात तमाशा होतो, म्हाताऱ्याला परत लाजल्यासारखं होतं.

वॉर्ड_इनचार्ज_बेळगाव

आली. साडेसातला भाऊ मोटरसायकलवर सोडून गेला, डोळे सुजलेले पण युनिफॉर्म इस्त्रीचा. मी आठला जायची ती थांबले. नऊच्या पुढं घेऊन गेले बारा नंबरला. मेट्रन मॅडम तुम्ही सांगितलं तेवढंच बोलली ती. मामांनी चादर थोडी खाली घेतली आणि म्हणाले, "मला वाटलं मोठ्या दवाखान्यात सगळ्यांनाच देत असतील, म्हणून गप पडलो." मग माझ्याकडं बघून म्हणाले की बेड बदला तेवढं, संडासाजवळचा द्या, ती समोरची पोरं अजून बघायलेत. तिथल्या तिथं तीन नंबरला हलवलं, पी. बी. आणि पी. डी. पण लांब झाले त्यानिमित्तानं, जे मी ॲडमिशनलाच करायला पाहिजे होतं. मुलगा मात्र नरम नाही, लेखी पाहिजेच म्हणतोय. उद्या देणार, मेडिकल सुपरिटेंडेंटच्या सहीनं. त्यात शुगरचं पण आहे. तक्रार करायची तर करू दे.

सर्जनसाहेब मला म्हणाले, "सिस्टर तुम्ही त्यांना डोक्यावर बसवता." मी म्हटलं सर, कॉरिडॉरमधलं रिपोर्टमध्ये घातलंय. त्यावर काही बोलले नाहीत, चष्मा पुसत निघून गेले.

रिसेप्शनवर सांगितलं की पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव, सगळं घाला, मराठीत आणि कन्नडमध्ये. तर तो मुलगा म्हणतो सॉफ्टवेअरमध्ये जागाच तेवढी आहे, बदल करायचा तर बेंगळूरला सांगावं लागेल, पंधरा दिवस तरी लागतील. तोपर्यंत केस शीटच्या वरच्या कोपऱ्यात आम्ही जाड मार्करनं हातानं लिहायलोय, नाव आणि गाव. आजच्या आज अठ्ठावीस झाल्या. त्यात पाटील चार निघाले, दोन नव्हे.

खानापूरची_जीएनएम

मार्कर परमनंटवाला घ्या ताई, साधा घेतलात तर पाण्यानं पुसतो. आणि पट्टीवर पण तोच.